गुडघाभर पाणी

प्रेमनगर, झाशी
रविवार, २ मार्च २०२५

चि. इंद्रा,

आशीर्वाद. रागात दिलेत, पण दिलेत. ठेवून घे.

आज तिसरा रविवार. दोन तास जेलच्या रांगेत उभी राहिले, आधार कार्ड दाखवलं, हातावर शिक्का मारून घेतला, आणि शिपाई येऊन सगळ्या रांगेसमोर सांगतो, "बहनजी, आपके भाई ने मना कर दिया है." लाडू तसेच परत आणले. मामानं खाल्ले का, असं इरानं विचारलं. मी हो म्हटलं आणि डबा माझ्या कपाटात साड्यांमागे लपवला. सतरा वर्षांच्या मुलीशी खोटं बोलायला लावतोस. सख्ख्या बहिणीचं तोंड बघायचं नाही इतका कसला रे माज?

भेटत नाहीस तर लिहिते. मराठीत लिहिते, कारण तिथे पत्रं तपासणारे हेडसाहेब हिंदीवाले आहेत. अक्षरं लागतील, अर्थ लागायचा नाही. तू मराठी बोलतोस ते ऐकून बाबा डोक्याला हात लावायचे, पण समजतं तुला सगळं, हे मला ठाऊक आहे.

केस पांडुरंगकाकांनी घेतली आहे. सत्तरी उलटली तरी रोज काळा कोट घालून कचेरीत जातात. ते म्हणाले, जज आधी हेच विचारील की तुम्ही भावंडं त्या नाल्यात गेलात कशाला. आणि तू कान खाजवत म्हणशील, "अक्का के साथ गया था." तुझ्या बॅटरीच्या दुकानात हे खपतं, कोर्टात नाही. तेव्हा नीट वाच आणि पाठ कर.

चिरगावच्या अलीकडे बेतवा नदीला जो खडकाळ नाला मिळतो, त्यात एक मासा राहतो, पथरचट्टा. बोटाएवढा. पाठ शेवाळी, पोट चपटं, आणि हनुवटीखाली शर्टाच्या बटणाएवढी गोल चकती. त्या चकतीनं तो दगडाला चिकटतो. बाकीचे मासे संथ डोह शोधतात, हा पाणी जिथे सगळ्यात जोरात फुटतं तिथे बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. पावसाळ्यात ओल्या खडकावरून वर चढतो. मी स्वतः हातभर उंच खडक चढताना पाहिलाय, थोडं सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. तुझी बहीण इंटर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि अकरा वर्षं त्या नाल्यातले पथरचट्टे मोजते. इराचा बाबा मंदार गेल्यापासून तू मला तुझ्या गाडीनं नेतोस, काठावर बसून मोबाइल बघतोस आणि "अक्का, भूख लगी" म्हणतोस. एवढंच सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढचं महत्त्वाचं. पोलिसांच्या कागदावर असं आहे: ९ फेब्रुवारीला त्या नाल्यात दामोदर नावाच्या माणसाशी इंद्रजीतची मारामारी झाली, इंद्रजीतनं घण मारून मोठा पाथर त्याच्या हातावर पाडला, हात अडकला आणि तो पाण्यात बुडून मेला. तूच तसं सांगितलंस. मी शेजारी उभी होते आणि तू सांगितलंस. आता त्यात एक वाक्य घालायचं, की तो अंगावर आला म्हणून घण उचलला. काका म्हणतात त्या एका वाक्यावर शिक्षेची बरीच वर्षं कमी होतील.

अंगावर आला. पाठ कर.

अक्का


प्रेमनगर, झाशी
सोमवार, १७ मार्च २०२५

चि. इंद्रा,

होळी झाली. आम्ही दार लावून बसलो. शेजारच्यांनी गुझिया आणल्या, त्या दारातच माझ्या हातात ठेवल्या, आत कोणी आलं नाही. "भैया कैसे हैं?" असं विचारतात आणि माझ्या हातांकडे बघतात. का कुणास ठाऊक.

काल पुन्हा तू नाही म्हणालास. काका सांगत होते, तू त्यांच्याशीही धड बोलत नाहीस. "अंगावर आला" म्हणायला तयार नाहीस. का रे? तो आला नव्हता का अंगावर? विसरलास का? मग मीच आठवण करून देते.

मी गुडघाभर पाण्यात ओणवी होते. ते तिघं वरच्या वळणावरून आले. दामोदरच्या खांद्यावर घण, दुसऱ्याकडे फावडं, तिसऱ्याकडे पिशवी. पथरचट्टा पकडायची त्यांची रीत तू त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलीस, मी चार वर्षं बघतेय. माशाला चाहूल लागली की तो लांब पळत नाही. त्याच दगडाच्या पोटाशी जाऊन आणखी घट्ट चिकटतो. वाहत्या पाण्यात याच सवयीनं तो टिकलाय आणि घणापुढे याच सवयीनं मरतो. वरून दगडावर पूर्ण ताकदीनं एक घाव घालायचा. दणका दगडातून माशात जातो. मग दगडाखाली हात घालून चाचपडायचं आणि गोळा करायचं. कुणी मेलेले, कुणी नुसते झापड आलेले, डोळ्यांत रक्त उतरलेले. हाताला लागतात तेवढे घेतात, बाकीचे वाहून जातात. दोन हजार बावीसच्या माघात मी दोनशे बारा मोजले होते. त्या सकाळी एकोणीस.

मी ओरडले. दामोदर आधी हसला. "काए बैनजी, तुमाए बाप को नाला है का?" मी त्याची पिशवी ओढून पाण्यात उपडी केली. चूक केली म्हण हवं तर. मग त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि माझं डोकं पाण्यात दाबलं. वर काढलं, पुन्हा दाबलं. "मछरिया देखनी है? लो, देख लो." माझं कपाळ खडकावर आपटलं, नाकातोंडात पाणी आणि रक्त. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मला वाटलं, संपलं.

तू धावत आलास. चाक काढायचा पाना होता तुझ्या हातात. फावडेवाल्याचं नाक तू फोडलंस, मी आवाज ऐकला. पिशवीवाल्याला गुडघ्यावर हाणलंस. मग फावड्याचा दांडा तुझ्या डोक्यात बसला आणि तू पडलास. तुझ्या कानामागून रक्ताची धार लागली होती. पण तू पुन्हा उठलास. लहानपणी तुला घोडा म्हणायचे ते उगीच नाही. ते दोघं वर रस्त्याकडे पळाले, मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

दामोदर नाही पळाला. त्यानं मला सोडलं, थुंकला, आणि काहीच झालं नसल्यासारखा परत कामाला लागला. घणाचा घाव आधीच घातलेला होता ना, मासे वाहून जातील म्हणून घाई. घण काठावर टाकून पाण्यात आडवा झाला आणि त्या मोठ्या तिरक्या पाथराखाली कोपरापर्यंत हात घालून चाचपडायला लागला. आपल्याकडे पाठ करून! मला मारून टाकता टाकता राहिला होता आणि आता त्याला मी तिथे आहे की नाही याचंसुद्धा काही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घण मी उचलला. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला नाही. पाथराच्या खाली टेकण होतं त्या दगडावर मी मारला. एकदा मारून निसटलं नाही म्हणून पुन्हा मारला. पाथर खाली बसला. हाडं मोडल्याचा आवाज पाण्यातूनही येतो.

चौकीत मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मैंने मारा." मग गाडीत माझ्या कानाशी म्हणालास, इराला कोण बघेल? मी गप्प बसले. इराला बाप नाही, तिची बारावी, माझी नोकरी, हे सगळं खरंच होतं की नाही? मग आता का रुसून बसतोस? तुझा निर्णय होता तो. मी काही तुझे पाय धरले नव्हते.

वाक्य पाठ कर, इंद्रा. हात जोडते.

अक्का


प्रेमनगर, झाशी
शनिवार, ५ एप्रिल २०२५

इंद्रा,

काकांच्या हाती तुझी चिठ्ठी आली. वकिलाच्या कागदाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेली. सात आठवड्यांत तुझी पहिली अक्षरं. मी इराला ती दाखवली नाही.

"अक्का, पानी किती होतं ते लिही. सगळं लिही. नाही तर लिहू नको."

वाचून मी पेटले. स्वयंपाकघरात जाऊन दोन कपबश्या फोडल्या. मला प्रश्न विचारतोस, मला? मग तीन दिवस काही लिहिलं नाही. मग मोठ्या परीक्षेचे पेपर तपासायला घेतले आणि एकाच मुलीचा पेपर चारदा तपासला.

गुडघाभर. घे. बेचाळीस सेंटिमीटर. त्या पाथरापाशी मी सकाळीच पट्टी लावून वहीत लिहिलं होतं. वही माझ्याकडेच आहे, पोलिसांनी मागितली नाही.

बेचाळीस सेंटिमीटर पाण्यात माणूस आपोआप मरत नाही. पाथर बसला तेव्हा दामोदर मेला नव्हता. तो किंचाळला, बैलासारखा. त्याचा हात कोपरापासून पुढे दगडाखाली होता, उरलेला तो कुशीवर पडलेला. सुरुवातीला तोंड पाण्याच्या वर होतं. मग त्याच्या खांद्याला आणि पाठीला अडून पाणी तुंबायला लागलं आणि चढायला लागलं. तो मान वर ताणत होता. पायांनी खडक ढकलत होता, बोटांची कातडी सोलून निघेपर्यंत. पाणी आधी हनुवटीला लागलं, मग ओठांना. खाली जायचा, वर यायचा, फुर्रकन पाणी उडवायचा.

आणि तू घणाचा दांडा पाथराखाली घालून उचलायला धावलास. रक्तानं एक डोळा मिटलेला, तरी धावलास. मी तुला मागून कमरेला मिठी मारून धरलं.

तू डोक्याला मार लागलेला, नाहीतर मला कधीच झटकून टाकलं असतंस. "अक्का, छोड! मर जाएगा! छोड!" असं तू ओरडत होतास. तीनदा सुटलास, तीनदा मी पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा तुझे केस धरले. कानामागच्या जखमेत माझी बोटं गेली आणि तू कळवळून खाली बसलास. मला ते कळत होतं. मी बोटं काढली नाहीत.

किती वेळ, ते तू विचारलं नाहीस, पण सगळं लिही म्हणालास. एका दगडापाशी उभी राहिले की मी मनात शंभर अंक म्हणते आणि तेवढ्यात दिसले तेवढे मासे मोजते. अकरा वर्षांची सवय आहे, आपोआप सुरू होतं. तेव्हाही सुरू झालं. शंभर झाले, मी पुन्हा एकपासून सुरू केलं. दुसऱ्यांदा सत्तरच्या आसपास त्याचे पाय थांबले. मी शंभर पूर्ण केले आणि मग तुला सोडलं.

घाबरले होते म्हणून धरलं, असं मी स्वतःला सांगत होते. इतके दिवस. तो उठला तर पुन्हा मला बुडवील, आपल्या दोघांना मारील. मोडलेल्या हाताचा माणूस काय मारणार होता? मला तो मरायला हवा होता. बस्स. ज्या घरात आई झुरळ कागदावर घेऊन बाहेर सोडायची, त्या घरातल्या मला एक माणूस मरायला हवा होता, आणि तो मरेपर्यंत मी थांबले. घण रागात उचलला. पण धरलं ते रागात नाही. तेव्हा मी अगदी शांत होते.

म्हणून तू मला भेटत नाहीस. घणासाठी नाही. आता कळलं असं लिहिणार होते, पण कळलं पहिल्या रविवारीच होतं.

तो काहीतरी बोलतही होता. ते आत्ता नको.

अ.


प्रेमनगर, झाशी
रविवार, १३ एप्रिल २०२५

चि. इंद्रा,

आज रांगेत गेले नाही.

काकांनी परवा स्पष्ट सांगितलं. तू स्वतःचं काहीच सांगत नाहीस, दामोदरच्या दोन्ही साथीदारांनी तुझ्याच हातात पाना पाहिलाय, आणि शवविच्छेदनात बुडून मृत्यू आलाय. "मुलगा दहा वर्षं आत बसेल, अनुराधा. कदाचित जन्मठेप. आणि मला वाटतंय तो काहीतरी लपवतोय." मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि माझ्याकडे बघत राहिले. "की तू लपवतेस?" म्हणाले. मी रडले नाही, उठून बशी धुतली.

काल इराला सांगितलं. तुझी चिठ्ठी आली त्या दिवशीच ठरवलं होतं, पण दहा दिवस हिंमत झाली नाही. सगळं सांगितलं, तुझे केस धरले तिथपर्यंत. तिनं मधे एकदाच तोंड उघडलं. "आई, तो तुला बुडवत होता तेव्हा तू मारलं असतंस तर मी तुझ्यासाठी भांडले असते. नंतर का?" मग ती हिंदीत गेली, चिडली की जाते. "और मामा को भेज दिया? मेरा नाम लेके? माझं नाव घेऊन?" तिनं माझ्या अकरा वर्षांच्या वह्या कपाटातून काढून अंगणात भिरकावल्या. एकेक. मी उचलायला गेले तर म्हणाली, "हात मत लगाना."

संध्याकाळी तिनंच त्या गोळा केल्या. त्यातली या वर्षीची वेगळी काढून टेबलावर ठेवली, बेचाळीस सेंटिमीटर लिहिलंय ती. आणि म्हणाली, "मामा घरी येईपर्यंत मी पांडुरंग आजोबांकडे राहीन. तिथे जेवायला मिळेल का मला, ते विचार." एवढंच. मी जवळ घ्यायला गेले तर मागे सरकली.

मी भित्री आहे, इंद्रा. कॉलेजात मुली मला टरकतात, पण मी भित्री आहे. नोकरी, पेन्शन, इरा, शेजारी, सगळ्याला भिते. मंगळवारी काकांबरोबर जाऊन अर्ज देणार आहे. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायला तारीख मिळेल. अर्ज दिल्यावर पळता येणार नाही म्हणून तुला आधी कळवते.

तुझी अक्का


महिला बैरक, झाशी
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

चि. इंद्रा,

सोमवारी जबाब झाला. वही दिली. तिथूनच मला आत घेतलं. तुझा अर्ज काका याच आठवड्यात लावताहेत. खोटं सांगितल्याबद्दल आणि त्या फुटलेल्या नाकाबद्दल तुला थोडं भोगावं लागेल, पण घरी येशील. इरा त्यांच्याकडे आहे. तिला कारली चालत नाहीत हे त्यांच्या सूनबाईंना सांग, ती स्वतः सांगणार नाही.

जबाबात मी सगळं सांगितलं, एक सोडून. त्यांनी विचारलं नाही आणि मी आपणहून काढलं नाही.

कोर्टातून बाहेर आणलं तेव्हा दामोदरची बायको व्हरांड्यात उभी होती. फुलवती तिचं नाव. असेल तिशीची, दगडाच्या खाणीवर कामाला जाते. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं की भावानं नाही, बहिणीनं मारलं. महिला शिपाई माझा दंड धरून होती. फुलवती समोर आली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बैनजी, बे आखिर में कछू बोले हते का?"

नाही म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं की वाईट, कोण जाणे. मला नक्की बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "बोले थे. दो बार. 'बैनजी, पथरा उठवा दो.'"

"फिर? तुमने का कही?"

"कुछ नहीं."

तिनं मला मारलं. उघड्या हातानं, मग मुठीनं, मग पायातली चप्पल काढून. शिपाई बाई ओढत होती तरी ती मारत होती, कानावर, तोंडावर. ओठ फाटला, पुढचा एक दात हलतोय. लोक जमले. कुणीतरी मोबाइल काढला. मग ती दमली, आणि चप्पल हातातच धरून म्हणाली, "अब सुरू सें कओ. पूरी बात."

मी बाकावर बसून सुरुवातीपासून सांगायला लागले. माझ्या तोंडातून रक्त येत होतं, शब्द धड निघत नव्हते, तिनं पदराचं टोक पुढे केलं नाही आणि मी मागितलंही नाही. त्यानं माझी वेणी धरली ते सांगितलं, तेव्हा तिनं मान खाली घातली. म्हणाली, "हओ. ऐसेई हते." मग पुन्हा वर बघितलं. घणाचे दोन्ही घाव सांगितले. पाणी सांगितलं. गाडी आली तेव्हा सांगून व्हायचं होतं. मला आत बसवलं, जाळी लावली. फुलवती जाळीला धरून गाडीबरोबर चालायला लागली. मग गाडीनं वेग घेतला तशी पळायला लागली.

मी जाळीला तोंड लावून ओरडून सांगितलं की माझा भाऊ त्याला काढायला तीनदा धावला होता. तेवढं तिला ऐकू गेलं. तिनं हात सोडला आणि रस्त्यातच उभी राहिली.

अक्का